पत कुणाच्या नावावर?



गेला अंक टपालात पडल्यावर जी पत्रं आली, त्यांत पुण्याच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. तिच्या नवऱ्याला त्याच्या बँकेने एक क्रेडिट कार्ड दिलं. साधं नव्हे. काळं, धातूचं, हातात घेतलं की वजन जाणवणारं. हे कार्ड कुणालाही अर्ज करून मिळत नाही, बँकच निवडक लोकांना निमंत्रण देते. घरात आनंद झाला, सासूबाईंनी ते आधी देवापुढे ठेवलं. आठवड्याभरात त्याच काळ्या धातूवर हिचं नाव कोरलेलं दुसरं कार्डही आलं. तिने आम्हाला दोन प्रश्न विचारलेत. या कार्डाचा खरोखर उपयोग काय? आणि माझ्या नावाने ते आलं, म्हणजे मीसुद्धा त्याला 'पात्र' ठरले का?

संपादक मंडळाच्या बैठकीत हे पत्र वाचलं तेव्हा आमच्यातली एक जण फणकारली. "रेशनकार्डावर नाव चढवायला बायका सहा सहा महिने खेटे घालताहेत, आणि आपण काळ्या कार्डावर पानं खर्ची घालायची?" तिचा राग रास्त आहे. या अंकात रेशनवरचा लेख आहेच, तो आधी वाचा. पण हा विषय मी हट्टाने घेतला तो त्या दुसऱ्या प्रश्नासाठी. 'पत' हा आपल्या भाषेतला मोठा गंमतीचा शब्द आहे. पत म्हणजे बाजारातला भरवसा आणि पत म्हणजे अब्रूही. पुरुषाची पत म्हटलं की पहिला अर्थ डोळ्यांपुढे येतो, बाईची पत म्हटलं की दुसरा. पेढीवर, बँकेत, सोसायटीत बाईच्या वाट्याला पहिला अर्थ किती आला, हे बघायला काळं कार्ड काही वाईट जागा नाही.

आधी पहिला प्रश्न, म्हणजे उपयोगाचा.

या जातीच्या कार्डांचं मूळ अमेरिकेत आहे. जेवणाचं बिल नंतर भरण्याची सोय म्हणून १९५० साली डायनर्स क्लबचं कार्ड निघालं, १९५८ साली अमेरिकन एक्स्प्रेसचं आलं. मग श्रीमंतांना इतरांपेक्षा वेगळं दिसायचं म्हणून १९६६ साली सोनेरी आणि १९८४ साली प्लॅटिनम. प्लॅटिनमही फार लोकांच्या खिशात दिसू लागलं, तेव्हा अफवा उठली की अतिश्रीमंतांसाठी एक गुप्त काळं कार्ड आहे, ते दाखवलं की मध्यरात्री दुकानं उघडतात. असं कार्ड तेव्हा नव्हतंच! पण अफवेला गिऱ्हाईक आहे हे कंपनीला कळलं आणि १९९९ साली तिने ते खरोखरच काढलं. नाव 'सेंच्युरियन', म्हणजे रोमन फौजेतला शंभर शिपायांचा नायक. शिरस्त्राण घातलेला हा शिपाईगडी कंपनीच्या कार्डांवर आधीपासूनच होता. बायकांच्या पर्समध्येही तोच जातो, एवढं जाता जाता.

सुरुवातीला या कार्डाची वर्षाची फी १,००० डॉलर होती. आता अमेरिकेत ते घ्यायचं तर प्रवेशाचे १०,००० डॉलर आणि शिवाय दर वर्षाला ५,००० डॉलर. पाच वर्षांचे ३५,००० होतात, म्हणजे आपले तीस लाखांच्या आसपास. हे नुसतं कार्ड बाळगण्याचं भाडं, त्यावर जे विकत घ्याल त्याचे पैसे वेगळे. बदल्यात काय, तर विमानतळावर बसायला खास दालन, हॉटेलात वरच्या दर्जाची खोली, आणि फोन केला की तिकिटं काढून देणारा, टेबल राखून ठेवणारा, लेकीच्या वाढदिवसाला फुलं धाडणारा माणूस. हे शेवटचं वाचून मला हसू आलं. ही कामं घरोघरी कोण करतं आणि त्याची फी कुणी कधी दिली आहे?

या कार्डाला पात्र कोण? कंपनी निकष जाहीर करत नाही. वर्षाला कार्डावर अमुक लाख डॉलर खर्चावे लागतात असे आकडे लोक आपसात सांगतात, पण ते सांगोवांगीचेच. न सांगण्यातच तर त्याची किंमत आहे. ज्या परीक्षेचा अभ्यासक्रम जाहीर नसतो, तिच्यात पास झालेल्याला आपण निवडले गेलो असं वाटतं. बँकेने आपल्या खर्चाचा हिशेब ठेवला आणि आपल्याला फायद्याचं गिऱ्हाईक ठरवलं, एवढाच त्याचा अर्थ आहे, हे त्याच्या मनातही येत नाही.

आपल्याकडे आता दहा कोटींहून जास्त क्रेडिट कार्डं आहेत. हा टप्पा २०२४ च्या सुरुवातीला ओलांडला गेला. गर्दी वाढली तशी बँकांनी वरच्या माळ्यावर निमंत्रितांच्या खोल्या काढल्या. त्यांची फी दहा-बारा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत असते, त्यावर १८ टक्के कर. वर्षाला दहा लाख खर्च केले तर काही बँका फी माफ करतात. दहा लाख म्हणजे महिन्याला त्र्याऐंशी हजार! शंभर रुपयांच्या खर्चामागे चांगल्यातल्या चांगल्या कार्डावर तीन-साडेतीन रुपयांचे गुण जमा होतात, ते विमानप्रवासात आणि हॉटेलात वापरायचे. जो माणूस हा खर्च एरवीही करणारच होता आणि दर महिन्याला पै न पै फेडणारच होता, त्याला हे कार्ड परवडतं, थोडा फायदाही होतो. जो कार्ड राखायला म्हणून खर्च वाढवतो, तो बँकेच्या शेतात राबतो. पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे आणि त्याला फार पानं लागत नाहीत.

पण हे गुण येतात कुठून? कार्ड घासलं की दुकानदाराला बिलातले दीड-दोन टक्के, कधी जास्त, बँकेला आणि कार्ड कंपनीला द्यावे लागतात. दुकानदार ते पदरचे थोडेच देतो? तो सगळ्याच मालाच्या भावात ते मिसळतो. म्हणजे रोख पैसे मोजणारी बाईसुद्धा ते देते, आणि तिला गुण मिळत नाहीत. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी २०१० साली अमेरिकेचा हा हिशेब मांडला होता. रोखीने व्यवहार करणाऱ्या दर कुटुंबाच्या खिशातून सरासरी १४९ डॉलर वर्षाला कार्डवाल्यांकडे सरकतात आणि दर कार्डवाल्या कुटुंबाला १,१३३ डॉलर मिळतात, असा त्यांचा अंदाज होता. आपल्याकडे गाड्यावरच्या भाजीवालीने क्यूआर लावला तर यूपीआयसाठी जानेवारी २०२० पासून तिला काही द्यावं लागत नाही, हे तरी बरं. पण ज्या मोठ्या दुकानातून ती आपल्या पोरासाठी दिवाळीचा शर्ट घेते, तिथल्या भावात कुणाच्या तरी विमानतळावरच्या दालनातली कॉफी असतेच.

आता दुसरा प्रश्न. नावाचा.

अमेरिकेतली श्रीमंत बाई बँकेत ताठ मानेने जात असणार असं आपल्याला वाटतं. तिथला इतिहास जरा उलगडून बघा. १९७२ साली तिथल्या ग्राहक-कर्जविषयक राष्ट्रीय आयोगाने बायकांच्या तक्रारी ऐकल्या. त्यांतून जे पुढे आलं ते असं. एकट्या पुरुषाला जेवढ्या सहज उधारी मिळते तेवढी एकट्या बाईला मिळत नाही. लग्न झालं की बाईचं आधीचं खातं बंद करून तिला नवऱ्याच्या नावाने नवा अर्ज करायला लावतात. लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावाने उधारी द्यायला सावकार नाखूष असतो. जोडप्याने कर्ज मागितलं तर बायकोचा पगार हिशेबात धरत नाहीत. आणि नवरा मेला किंवा सोडून गेला की बाईची पत शून्य, कारण इतकी वर्षं तिने फेडलेलं सगळं त्याच्या नावावर जमा! घरासाठी कर्ज मागणाऱ्या जोडप्याकडे, बायको मूल होऊ देणार नाही असं डॉक्टरचं पत्र मागणारे सावकारही होते. मूल झालं की नोकरी सुटणार, मग तिचा पगार धरायचा कसा, असा त्यांचा सवाल.

बिली जीन किंग ही टेनिसपटू आपल्यापैकी अनेकींना ठाऊक आहे. तिने विंबल्डनची तीन विजेतेपदं एकाच वर्षी मिळवली. घर तिच्या कमाईवर चालत होतं. तरी क्रेडिट कार्ड मिळायचं ते नवऱ्याच्या नावाने. नवरा कायद्याचा विद्यार्थी, उत्पन्न काही नाही! कमावते ती, पात्र तो. हे वाचून मला आपल्याकडच्या कितीतरी शिक्षिका आणि परिचारिका आठवल्या, ज्यांच्या पगारातून घराचे हप्ते गेले आणि दारावर पाटी एकट्या साहेबांची लागली.

हे बदललं ते आपोआप नव्हे. तिथल्या स्त्री संघटनांनी दबाव आणला, बेला ॲबझगसारख्या खासदार बायकांनी विधेयकं मांडली. आणि एक प्रसंग तर मुद्दाम सांगण्यासारखा आहे. लुईझियानाच्या लिंडी बॉग्ज या १९७३ साली प्रतिनिधीगृहात निवडून आल्या. त्यांचे पती तिथलेच बडे नेते, १९७२ साली अलास्कात त्यांचं विमान बेपत्ता झालं ते सापडलंच नाही. बँकविषयक समितीपुढे समान कर्जसंधीचा मसुदा आला, तेव्हा त्यात स्त्री-पुरुष भेदाचा आणि वैवाहिक स्थितीचा उल्लेख नाही हे बॉग्जबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी तेवढे शब्द स्वतःच्या हाताने मसुद्यात लिहिले, शेजारच्या खोलीत जाऊन त्याच्या प्रती काढल्या आणि प्रत्येक सभासदापुढे ठेवल्या. वर गोड आवाजात म्हणाल्या की हे नजरचुकीने राहिलं असणार याची मला खात्री आहे. आता नाही कोण म्हणणार! २८ ऑक्टोबर १९७४ ला कायदा झाला. वंश, धर्म वगैरे आधार त्यात १९७६ साली आले. धंद्याच्या कर्जासाठी पुरुष नातेवाइकाची सही मागण्याची रीत बंद व्हायला मात्र १९८८ साल उजाडावं लागलं.

म्हणजे ज्या देशात काळं कार्ड जन्मलं, तिथे ते निघण्याआधी जेमतेम पंचवीस वर्षं बाईला स्वतःच्या नावाने साधं कार्ड मिळण्याचा हक्क कायद्यात आला होता.

आपल्याकडे कुठल्या कायद्याने बाईला कार्ड नाकारलेलं नाही. नाकारायची गरजच पडत नाही. अर्जावर उत्पन्नाचा रकाना असतो. जिच्या नावावर पगार नाही, घर नाही, शेत नाही, तिने तिथे काय लिहायचं? 'गृहिणी' लिहिलं की पुढचे रकाने आपोआप नवऱ्याचे होतात. मग तिच्यासाठी ॲड-ऑन कार्ड. मराठीत आपण पुरवणी म्हणू. उत्तरपत्रिकेला जोडतात तशी.

या पुरवणीचा अर्थ माझ्या पुण्याच्या मैत्रिणीने नीट समजून घ्यावा. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली कार्डांविषयी जे निर्देश काढले, त्यांत स्पष्ट लिहिलंय की पुरवणी कार्डाची जबाबदारी मूळ कार्डधारकाची. देणं त्याचं, म्हणून पतही त्याचीच. तिने त्यावर मुलांची फी भरली, किराणा भरला, सासऱ्यांच्या दवाखान्याचं बिल भरलं, आणि घरखर्चातून वाचवून सगळं वेळेवर फेडलं, तरी सिबिलच्या वहीत तिच्या नावावर एक ओळ उमटत नाही. गुण जमतात तेही त्याच्या खात्यात. मर्यादा किती ठेवायची ते तो ठरवतो. कार्ड बंद करायचं तर त्याने एक फोन करायचा, तिला विचारावं लागत नाही. नाव तिचं कोरलेलं आहे, ते खरं. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवरही नावं कोरतात.

हे मी नुसतं पुस्तकी बोलत नाही. आमच्या सल्ला केंद्रात एक बाई येत होत्या. चांगल्या घरच्या, शिकलेल्या, लग्नाआधी नोकरी केलेल्या. लग्नाला एकोणीस वर्षं झालेली. नवऱ्याचा हात उठायचा, ते त्यांनी फार उशिरा सांगितलं. त्याआधी त्या दुसरंच सांगत. औषधाच्या दुकानात कार्ड लावलं की दोन मिनिटांत त्याचा फोन यायचा, कसलं औषध, कुणासाठी. बसस्टँडजवळच्या उपाहारगृहात चहा प्यायला तरी फोन, तिथे काय करतेस. प्रत्येक खर्चाचा संदेश त्याच्या मोबाइलवर जात असे. ज्या रात्री त्या मुलीला घेऊन बाहेर पडल्या त्या रात्री लॉजच्या काउंटरवर कार्ड चाललं नाही. पर्समध्ये रोख तीनशे चाळीस रुपये होते. पुढे त्यांनी भाड्याच्या घरासाठी आणि शिवणयंत्रासाठी कर्ज मागितलं, तर बँकेतला तरुण मुलगा संगणकाकडे बघत म्हणाला, मॅडम, तुमची काही हिस्टरीच नाही. एकोणीस वर्षं लाखांचे व्यवहार केलेल्या बाईला तो हे सांगत होता. तो उद्धट नव्हता, पडद्यावर जे दिसत होतं तेच तो वाचत होता.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात आर्थिक छळाची व्याख्या आहे, आणि बाईला तिच्या हक्काच्या आर्थिक साधनांपासून तोडणं त्यात येतं. आपण अर्जात मारहाण लिहितो, शिवीगाळ लिहितो, स्त्रीधन लिहितो. बंद केलेलं कार्ड आणि एकट्याच्या फोनवर जाणारे संदेशही लिहायला हवेत, असं आमच्या वकील मैत्रिणींचं मत आहे.

आता हीच इमारत खालून बघा. वरच्या माळ्यावर पत नवऱ्याची आणि बायकोला पुरवणी. तळमजल्यावर बरोबर उलटं! तिथे कर्ज बायकोच्या नावावर. सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या गिऱ्हाइकांत जवळजवळ सगळ्या बायका आहेत. का? बाई पळून जात नाही, बाई लाजेला भिते, दहा जणींच्या गटात एकीचा हप्ता चुकला तर उरलेल्या नऊ जणी तिच्या दारात उभ्या राहतात. पैसा घेतला नवऱ्याच्या रिक्षासाठी किंवा दिराच्या लग्नासाठी, सही हिची. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी हे कर्ज, व्याज साधारण वीस ते पंचवीस टक्के. काळ्या कार्डवाल्याला मात्र महिना-दीड महिना बिनव्याजी पैसे वापरायला मिळतात. चुकून थकलं तर? साध्या कार्डावर महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के व्याज पडतं, काही निमंत्रितांच्या कार्डांवर ते दोन टक्क्यांच्या आसपासच. ज्याला गरज सर्वांत कमी, त्याला उधारी सर्वांत स्वस्त. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांवर व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती, पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. तेव्हा साध्या कार्डावर 'किमान रक्कम' भरून निश्चिंत होणाऱ्या नोकरदार मैत्रिणींनी आपलं बिल जरा नीट वाचावं.

पत म्हणजे काय आणि ती कुणी ठरवायची, यावर आपल्या बायकांनी काळ्या कार्डाच्या कितीतरी आधी विचार केला आहे. अहमदाबादेत १९७४ साली सेवा बँक उभी राहिली ती चार हजार कष्टकरी बायकांनी दहा-दहा रुपये घालून. योगायोग बघा, ज्या साली वॉशिंग्टनमध्ये तो कायदा झाला तेच हे साल. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवायला प्रेमा पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांना या बायकांना कर्ज द्यायला लावलं. घामाने थबथबलेली, दिवसाला वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक करणारी बाई बँकेला तोवर दिसलीच नव्हती.

आणि म्हसवड. साताऱ्याच्या माण तालुक्यातलं दुष्काळी गाव. तिथे कांताबाई नावाची लोहारकाम करणारी, फुटपाथवर राहणारी बाई चेतना गाला सिन्हांकडे आली. तिला बचतीचं खातं उघडायचं होतं, पावसाळ्याआधी प्लास्टिकचा कागद घ्यायला पैसे साठवायचे होते. कर्ज नव्हे, बचत! बँकेने तिलाही नकार दिला, एवढी छोटी रक्कम नको म्हणून. तेव्हा यांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत पाठवला, कारण प्रवर्तक बायकांपैकी अनेकींचे अंगठे होते. बायका अक्षर शिकल्या आणि पुन्हा गेल्या. या वेळी अधिकाऱ्यांनाच म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नाही म्हणून नाकारलंत, पण हिशेब येतो. कुठल्याही रकमेचं व्याज सांगा, आम्ही तोंडी काढतो, तुमचे अधिकारी कॅल्क्युलेटरशिवाय काढतात का बघू. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तिथे पतीचं नाही, बाईचं स्वतःचं काम आणि तिच्या फेडीची रीत बघून पत ठरते. काळ्या कार्डाच्या निमंत्रणापेक्षा हे निमंत्रण मला मोलाचं वाटतं, कारण ते बायकांनी स्वतःच स्वतःला धाडलं.

कुणी म्हणेल, आता बँकेत साहेब कुठे असतो, संगणक ठरवतो, आणि संगणकाला बाई-पुरुष कळत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत यावरच गदारोळ झाला. ॲपल कंपनीच्या नव्या कार्डावर डेव्हिड हायनमायर हॅन्सन या उद्योजकाला बायकोच्या वीसपट मर्यादा मिळाली. दोघं कर एकत्र भरत होती. ॲपलच्या संस्थापकांपैकी एक, स्टीव्ह वॉझनियॅक, यांनीही आपल्याला बायकोच्या दहापट मिळाल्याचं सांगितलं. न्यू यॉर्कच्या वित्तीय खात्याने सुमारे चार लाख अर्ज तपासले आणि मार्च २०२१ मध्ये अहवाल दिला की कायद्याचा भंग दिसत नाही. मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. अहवाल सांगतो की नवऱ्याच्या कार्डावर पुरवणीदार असलेल्या बायकोला वाटतं आपली पत नवऱ्याएवढीच, पण बँक तसं धरत नाही. म्हणजे भेद कुणी नव्याने केला नाही, तो घरातूनच हिशेबात भरून आला होता. संगणकाने नुसती बेरीज केली.

तेव्हा पुण्याच्या मैत्रिणीला माझं उत्तर असं. बाई गं, तू त्या कार्डाला पात्र ठरलेली नाहीस, तुझा नवरा ठरला आहे. त्यात तुझा दोष नाही आणि तुझा वाटा मात्र भरपूर आहे. कार्ड परत करायची गरज नाही, विमानतळावर कॉफी खुशाल पी. पण सोबत स्वतःच्या एकटीच्या नावाने एक साधं कार्ड काढ. तुझा पगार नसेल तर मुदत ठेवीवर कार्ड मिळतं. साधारण वीस-पंचवीस हजारांची ठेव तुझ्या नावाने ठेवायची, तिच्या काही टक्के मर्यादेचं कार्ड येतं. ते चकचकीत नसतं, प्लास्टिकचं असतं. त्यावर महिन्याला वीजबिल भरायचं, आणि देय तारखेआधी पूर्ण रक्कम फेडायची. किमान नव्हे, पूर्ण. खर्चाचा संदेश तुझ्या मोबाइलवर यायला हवा, नंबर तोच दिला आहे ना हे बघ. वर्ष-दोन वर्षांत तुझ्या नावाची वही तयार होते.

नवरा विचारेल, माझ्यावर विश्वास नाही का? हा प्रश्न येणार, तयारी ठेव. शेतकरी संघटनेने १९८९-९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, तेव्हाही हाच प्रश्न गावोगावी विचारला गेला. तरी हजारो पुरुषांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. ज्यांनी केला त्यांचे संसार मोडले असं माझ्या ऐकिवात नाही.

सगळ्याच मैत्रिणींसाठी आणखी एक. कर्जाची आपली नोंद बघायचा हक्क आपल्याला आहे. सिबिल धरून देशात अशा चार संस्था आहेत, आणि २०१७ पासून प्रत्येक संस्थेने मागणाऱ्याला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पॅन क्रमांक लागतो. कुणी मध्यस्थ पैसे मागत असेल तर देऊ नका. अहवालात दोन गोष्टी नीट तपासा. आपल्या नावावर काहीच नाही, असं आहे का? किंवा उलट, ज्या कर्जाची आपल्याला कल्पनाही नाही, ज्यावर कधीतरी 'इथे सही कर' म्हणून सही घेतली गेली, असं एखादं कर्ज किंवा जामीनकी तिथे बसली आहे का? दुसऱ्या प्रकारच्या नोंदी आमच्या केंद्रात फार बघायला मिळाल्या आहेत.

तुमच्यापैकी कुणी स्वतःच्या नावाने कार्ड, कर्ज किंवा नुसतं खातं मागायला गेल्या असाल, तर तिथे काय काय विचारलं गेलं ते आम्हाला लिहून कळवा. वडिलांचं नाव विचारलं की नवऱ्याचं, सही कुणाची मागितली, मुलं किती हे विचारलं का, नकार तोंडी दिला की लेखी. नाव छापू नये असं वाटत असेल तर तसं पत्रावर लिहा. पुढचा अंक या पत्रांवरच काढायचा विचार आहे. मजकूर पुढल्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत आमच्या हाती यावा.